भंगारातल्या चुंबकांचा रोटर

तीन हब मोटरी (इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातच बसवलेल्या मोटरी), त्यातनं निघालेली १३८ चुंबकं, आणि शेवटी कामाला आली ती ९६. बाकीच्या ४२ पैकी ३७ वाया गेली, त्यातली वीसएक तर निव्वळ माझ्या चुकीनं, आणि पाच डब्यात शिल्लक राहिली. हे सगळं लिहून ठेवतोय कारण मी घरगुती पवनचक्की करायला सुरुवात केली तेव्हा पंखा कसा तासायचा, टॉवर कसा उभा करायचा यावर मराठीत दोन चार ठिकाणी तरी वाचायला मिळालं, पण रोटरबद्दल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चुंबकांच्या फिरत्या भागाबद्दल, सगळे "डिस्कवर चुंबकं चिकटवा" एवढंच सांगून पुढं जातात, आणि खरं काम सगळं तिथंच आहे.

आमचं शेत जतच्या बाजूला. कवठेमहांकाळकडनं येताना ढालगावच्या पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्या दिसतात, लहानपणापासनं बघतोय, आणि आषाढात तर आमच्याकडं वारा असा सुटतो की शेडचे पत्रे रात्रभर वाजत असतात. शेडवर एक १२ व्होल्टची बॅटरी होती, सोलरची प्लेट होती, पण पावसाळ्यात नेमकं ऊन नसतं आणि वारा असतो. मग म्हटलं छोटी पवनचक्की करायची, १.८ मीटर व्यासाची, लाईट आणि मोबाईल चार्जिंगपुरती.

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो म्हणजे गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) लाव की, भंगारात मिळतो. तो चालत नाही, आणि का चालत नाही ते कळलं की रोटर समजला. गाडीच्या अल्टरनेटरच्या रोटरमधे चुंबक नसतं, तांब्याची कॉइल असते, तिला बॅटरीतनंच दोन तीन अँपिअर द्यावे लागतात तेव्हा चुंबक तयार होतं, आणि तरीही चार्जिंग सुरू व्हायला हजाराच्या वर आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात. १.८ मीटरचा पंखा हलक्या वाऱ्यात फिरतो २०० च्या आसपास. म्हणजे बेल्ट पुली लावा, त्यात ताकद घालवा, आणि वारा नसताना बॅटरी त्या कॉइलमधे रिकामी करा. म्हणून कायमचं चुंबक असलेला, पोल (चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव) जास्त असलेला आणि थेट पंख्याच्या शाफ्टवर बसणारा रोटर पाहिजे.

स्कॉटलंडमधे स्कोरेग नावाची एक दुर्गम जागा आहे, तिथं ह्यू पिगॉट नावाचा माणूस गेली कित्येक वर्षं हेच करतोय, आधी गाडीच्या ब्रेक ड्रममधे आतनं चुंबकं बसवून आणि नंतर दोन सपाट लोखंडी चकत्या समोरासमोर ठेवून मधे तांब्याच्या कॉइली. जगभर घरगुती पवनचक्क्या करणारे बहुतेक लोक या दुसऱ्या पद्धतीनं जातात. मीही तीच धरली. कॉइलींच्या मधे लोखंड नसल्यामुळं यात रोटर अडकत नाही. मी त्याआधी एक हॉर्सपॉवरच्या जुन्या मोटरचा रोटर लेथवर उतरवून त्यावर चुंबकं बसवून बघितली होती, हातानं फिरवताना टक टक टक अडकायचं, हलक्या वाऱ्यात पंखा सुरूच होईना, स्टेटरच्या, म्हणजे वाइंडिंग असलेल्या स्थिर भागाच्या, लोखंडी दातांना चुंबक धरून बसायचं. सपाट चकत्यांमधे हा प्रकारच नाही, बोटानं ढकललं की गुळगुळीत फिरतं.

आता चुंबकं. नवीन घेतली तर बारा पोल दोन बाजूंना म्हणजे २४ मोठे ठोकळे, आणि तो खर्च मला झेपणारा नव्हता. आधी जुन्या हार्ड डिस्क फोडल्या. त्यातलं चुंबक जोरदार असतं, पण एक गोष्ट मला तीन दिवसांनी कळली, त्याच्या एकाच तोंडावर अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण असतो. एका पोलच्या जागी ते बसवलं की दोन्ही भाग एकमेकांना मारतात. स्पीकरची काळी गोल चुंबकं फेराइटची, ताकद निओडायमियमच्या (हार्ड डिस्क आणि हब मोटरीत असतं ते जोरदार चुंबक) साधारण तिसरा हिस्सा, तीही बाजूला ठेवली.

मग मिरजेला एका भंगारवाल्या चाचांकडं इलेक्ट्रिक स्कूटरच्या तीन हब मोटरी दिसल्या. २०२१ च्या जुलैच्या पुरात भिजलेल्या गाड्यांच्या असाव्यात असं चाचा म्हणाले. वाइंडिंग जळालेलं, आतला स्टेटर गंजून पत्र्यांचा पापुद्रा झालेला. (कुणी विचारेल, हब मोटरच तशीच का नाही वापरली, तर वापरता येते, वाइंडिंग शाबूत असेल तर नक्की वापरा, ती तयार अल्टरनेटरच आहे. माझ्या तिन्हींत स्टेटर गेलेला होता.) चाचांनी तिन्ही वजनावर दिल्या, म्हणजे लोखंडाच्या भावात, आणि प्रत्येक रिंगच्या आतल्या बाजूला ४६ चुंबकं ओळीनं चिकटवलेली. प्रत्येक तुकडा २८ मिलिमीटर लांब, साडेतेरा रुंद, ३ जाड.

ती काढताना पहिल्याच रिंगला मी चूक केली. चुंबकं एपॉक्सीनं चिकटवलेली असतात, गरम केली की एपॉक्सी सुटते, म्हणून गॅसची टॉर्च लावली. सुटली पण. आणि वीस चुंबकं निघाल्यावर लक्षात आलं की ती एकमेकांना धरतायत पण जोर नाही, दोन बोटांनी अलगद वेगळी होतायत. साधं निओडायमियम ८० अंशांच्या वर गेलं की ताकद सोडायला लागतं, मोटरमधलं थोडं जास्त सोसतं, पण टॉर्चच्या ज्योतीपुढं त्याचं काहीच चालत नाही, आणि एकदा गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही. फार वाईट वाटलं त्या दिवशी. उरलेल्या रिंगा मग दोन दिवस अॅसिटोनमधे भिजवून ठेवल्या, झाकण घट्ट लावून, मोकळ्या हवेत, आणि पितळेच्या पट्टीची पाचर बाजूनं हळूहळू ठोकून एकेक सरकवत काढली. वर उचलायचं नाही, सरकवायचं. हे चुंबक कपासारखं फुटतं, नऊ फुटलीच, एकाचा कपचा उडून गालाला लागला, डोळ्यावर गॉगल होता म्हणून वाचलो. गॉगलशिवाय हे काम करू नका, कृपा करून.

आठ चुंबकं पाण्यानं गेलेली होती. निकेलचा थर फुटला की आतला भाग फुगतो आणि राखाडी भुकटी होऊन सुटायला लागतो. अशी एकही घ्यायची नाही, कितीही चांगली धरत असली तरी, कारण ती भुकटी पुढं चकत्यांमधल्या गॅपमधे येते.

उरलेली १०१ मोजून घेतली. मोजण्यासाठी बाजारात स्वस्तात मिळणारा तीन पायांचा हॉल सेन्सर आणि मल्टिमीटर पुरतो. सेन्सरला ५ व्होल्ट दिले की चुंबक जवळ नसताना मीटरवर २.५ दिसतात, एक पोल जवळ आणला की वर जातो, दुसरा आणला की खाली. थेट टेकवलं तर सेन्सर आपल्या टोकाला जाऊन बसतो आणि सगळी चुंबकं सारखीच दाखवतो, म्हणून मधे लाकडाची एक ठोकळी ठेवली आणि प्रत्येक चुंबक त्याच अंतरावरनं मोजलं, वहीत आकडा, आणि वरच्या पोलला वहिनीच्या लाल नेलपेंटचा ठिपका. मग जोरदार आणि जरा कमी अशा जोड्या लावल्या, म्हणजे प्रत्येक पोलची बेरीज सारखी येईल. याला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण बारा पोलांतला एक दुबळा राहिला असता तर पुढं प्रत्येक फेरीत तिथं धक्का बसला असता.

एका पोलला चार तुकडे. दोन शेजारी शेजारी आणि त्यावर दोन, म्हणजे २७ बाय २८ चा ६ मिलिमीटर जाड ठोकळा. एकावर एक ठेवायला काही लागत नाही, ते स्वतःच झडप घालून बसतात. शेजारी शेजारी ठेवताना मात्र सारखे पोल एकमेकांना ढकलतात, एक बसवलं की दुसरं उडी मारून त्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. यासाठी सागाच्या दोन पट्ट्यांचा एक शिकंजा केला, पितळेच्या स्क्रूचा, त्यात दाबून धरायचं, एपॉक्सी लावायची, रात्रभर ठेवायचं. असे २४ ठोकळे करायला दहा बारा दिवस गेले, कारण शिकंजे दोनच होते.

आता इथं मी दुसरी मोठी गोष्ट शिकलो. माझ्या डोक्यात पक्कं होतं की लोखंड चुंबकाची ताकद खातं, त्यामुळं चुंबक लाकडावर बसवलेलं बरं. आमच्या गावात मोटरी भरणारे एक मामा आहेत, चाळीस वर्षं तेच काम, ते म्हणाले, "अरे चुंबकाला मागनं वाट दिली नाहीस तर ते समोर काय टाकणार?" मला पटलं नाही. मग दोन्ही करून बघितलं. प्लायवूडच्या दोन चकत्यांना खाचा करून ठोकळे त्यात नुसते घट्ट बसवले, वरनं पातळ अॅक्रिलिक स्क्रूनं आवळलं, मधे १३ मिलिमीटर गॅप, ९० टर्नची एक कॉइल धरली आणि ३०० आरपीएमला फिरवलं, मीटरवर आले २.३ व्होल्ट. तेच ठोकळे, तीच कॉइल, तोच गॅप, पण पाठीमागं ब्रेक डिस्कचं बिडाचं लोखंड, ३.६ व्होल्ट. दीडपटीपेक्षा जास्त, एक पैसा न घालता. प्रत्येक चुंबकातनं निघालेल्या रेषा समोरच्या चुंबकात जातात आणि मग पाठीमागनं शेजारच्या पोलकडं वळून परत येतात, तो पाठीमागचा रस्ता हवेचा असला की सगळी ताकद तो रस्ता ओलांडण्यातच जाते, लोखंडाचा असला की फुकटात पार होते. मामांनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी आठवडा घालवला, पण ते दोन आकडे स्वतः मीटरवर बघितल्यामुळं आता ही गोष्ट मी कधी विसरणार नाही.

डिस्क एका छोट्या कारच्या पुढच्या ब्रेकच्या, बाहेरचा व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास, भरीव. मधे हवेच्या फटी असलेल्या डिस्क घेऊ नका, त्यात एका बाजूचा पत्रा पातळ असतो आणि वजन उगाच. भरीव डिस्कला मागं पुरेसं लोखंड मिळतं. तिसरा फायदा हा की त्याच गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंगसकट भंगारात मिळतो, चारही भोकं जुळलेली, मधोमध बसणारी, म्हणजे सेंटर काढायचं अवघड काम कारखान्यानं आधीच करून ठेवलंय. फक्त ब्रेक पॅडनं पडलेली खाच काढायला कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवर दोन्ही डिस्कचं तोंड साफ करून घेतलं. आणि हे काम चुंबक लावायच्या आधी करायचं, नंतर नाही. मी टेस्टिंगसाठी त्याच लेथवर चुंबकं लावलेली डिस्क घेऊन गेलो होतो, पाच मिनिटांत शॉपमधला सगळा लोखंडी कीस येऊन पोलांना चिकटला, ब्रशनं निघेना, कापडानं निघेना. शेवटी आईनं कणकेचा गोळा दिला, तो दाबून दाबून उचलला तेव्हा निघाला. आता डब्यात कायम ठेवतो एक गोळा मळून.

पोल मांडायला प्लायवूडचा साचा केला, ३० अंशांवर बारा खिडक्या. एक उत्तर, एक दक्षिण, एक उत्तर, असं आलटून पालटून. तपासायची साधी पद्धत म्हणजे हातात एक चुंबक घट्ट धरायचं, न फिरवता सगळ्या पोलांवरनं न्यायचं, एक ओढेल, पुढचा ढकलेल, परत ओढेल. दोनदा सलग ओढलं की थांबा, कुठंतरी उलटा बसलाय. दुसऱ्या डिस्कला याच्या बरोबर उलट, म्हणजे समोरासमोर आल्यावर उत्तरापुढं दक्षिण आलं पाहिजे, आणि ते चारपैकी दोनच स्थितींत जुळतं म्हणून दोन्ही डिस्कच्या कडेला छिन्नीनं खूण करून ठेवली. ही खूण करायची राहिली आणि उद्या उघडून परत बसवताना एक भोक सरकलं तर? चार भोकं आणि बारा पोल म्हणजे एका भोकाला तीन पोल सरकतात, तीन विषम, सगळं उलटं होतं, उत्तरापुढं उत्तर. पवनचक्की फिरेल आणि मीटरवर जवळजवळ काहीच येणार नाही. दोन भोकं सरकली तर चालून जातं. हे कागदावर काढून बघा, मजा येते.

नुसत्या चिकटवण्यावर भरवसा नाही ठेवला. एक पोल ३४ ग्रॅमचा आहे, ६०० आरपीएमला तो सव्वा किलोच्या जोरानं बाहेर पळायला बघतो, आणि वादळात पंखा कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणून डिस्कच्या कडेनं स्टीलच्या तारेचे वेढे आणि सगळं फायबरच्या रेझिनमधे ओतलं, चुंबकाच्या तोंडाशी बरोबर लेव्हल. रेझिनमधे हार्डनर नेहमीपेक्षा कमी घातला आणि टाल्कम पावडर मिसळली, कारण रेझिन आवळताना स्वतः तापतं, हार्डनर जास्त झाला तर इतकं तापतं की परत तीच टॉर्चची गोष्ट. हात लावून बघत बसलो होतो, कोमट झालं फक्त.

दोन डिस्क एकत्र आणणं हे या सगळ्यातलं सगळ्यात धोक्याचं काम. चालू गॅपला त्या एकमेकींना साधारण ७०-७५ किलोनं ओढतात, आणि गॅप बंद होत गेला की तो जोर कितीतरी पटीनं वाढतो, मधे बोट आलं तर बोट राहणार नाही. हातानं कधीच बसवायच्या नाहीत. वरच्या डिस्कला तीन भोकांना आटे पाडून त्यात लांब बोल्ट घातले, त्यांची टोकं खालच्या हबवर टेकवली, आणि एकेक बोल्ट अर्धा अर्धा फेरा सैल करत डिस्क खाली उतरवली. काढताना तेच उलटं. ते काम करताना शेडमधे पोरं नकोत, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना लांबच ठेवा.

स्टेटरबद्दल थोडक्यात. नऊ कॉइली, प्रत्येकी ९० टर्न, १९ नंबरची वायर, तीन फेज, स्टारमधे, १० मिलिमीटर जाड रेझिनमधे ओतलेल्या, दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर मोकळं. वायर मामांच्या दुकानातली, त्यांनीच गुंडाळून दिल्या, पैसे घेतले नाहीत. ३०० आरपीएमला ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या) पुढं लोड नसताना साडेपंचवीस व्होल्ट. हिशेबानं ३४ पेक्षा कमी नाही यायला पाहिजे होते असं मला वाटलं होतं, पण मी हिशेब १२० टर्नचा केला होता आणि एवढे टर्न त्या जागेत बसलेच नाहीत. ९० लाही बॅटरी १६५ आरपीएमच्या आसपास घ्यायला लागते, आणि आमच्या वाऱ्याला ते बरोबर बसलं. २५० ला साडेतीन अँपिअर, ३०० ला पाचच्या आसपास. खूप नाही. पण रात्रभर वारा असला की सकाळी बॅटरी भरलेली असते, आणि तेवढीच गरज होती.

एक पावसाळा काढल्यावर दिवाळीत उघडून बघितली. दोन्ही डिस्कचे मिळून तेवीस पोल जसेच्या तसे, एका पोलच्या कोपऱ्याला जिथं रेझिन नीट पोचलं नव्हतं तिथं निकेलखालनं गंज सुरू झालेला, वरचा एक तुकडा फुगलेला. तेवढा कोरून काढला, डब्यातल्या पाचपैकी जुळणारा आकडा वहीत शोधून तो बसवला, आणि यावेळी दोन्ही डिस्कवर वरनं एपॉक्सी पेंटचे दोन हात दिले. डब्यात आता चार राहिलीत.